आठ आण्याला तीन जीव

टीव्हीच्या मेकॅनिकला टीव्हीचं कौतुक राहत नाही. हलवाई कधी पेढ्याकडं टक लावून बघतो का? परभणीत टीव्ही दिसायला लागला त्या दिवसांत अख्खं गाव माळवदावर चढून अँटेना फिरवत होतं, आणि मी दुकानात उघड्या संचाच्या पोटात मुंडकं घालून घाम पुसत होतो. लोक पुढून चित्र बघायचे, मी मागून तारा बघायचो. उभी हयात हेच केलं. कोणी मला मिस्त्री म्हणायचं, कोणी मेकॅनिक, चिडलेलं गिऱ्हाईक आणखीही काही म्हणायचं. मीही काही गोडबोल्या नव्हतो. "गुरुजी, संच बिघडलेला नाही, तुमच्या घरच्या उंदरीनं ह्यात बाळंतपण उरकलंय," असं मी एका हेडमास्तरांना चारचौघांत सांगितलं होतं. ते पुन्हा दुकानाकडं फिरकले नाहीत.

असल्या माणसाला एका यंत्रानं तोंडात बोट घालायला लावलं. त्याच यंत्रानं माझी मस्तीही उतरवली. आता सगळं सांगायला हरकत नाही. ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं राहिली नाहीत, आणि मला वाईट वाटायचं ते वाटून झालंय.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न लोंबकळत पडला होता त्या वर्षांतली गोष्ट. मधूनच बंद पुकारला जायचा, शटर खाली यायचं, दोन दिवसांनी वर जायचं. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. दुकानाच्या पाटीवर मी नाव-आडनाव काही लिहिलं नव्हतं, नुसतं 'रेडिओ-टीव्ही दुरुस्ती'. ज्याला माहीत होतं त्याला माहीत होतं. रविवारचा पिक्चर तोंडावर आला आणि संच बंद पडला, तर माणूस मेकॅनिकची फार चौकशी करत बसत नाही.

अशात एका दुपारी मानवतचे किसनराव दुकानात आले. पन्नाशीचा गडी, डोळ्यांवर काळा चष्मा. तंबूतल्या सिनेमाचे ते ऑपरेटर. जत्रा-बाजार फिरत तीस वर्षं त्यांनी प्रोजेक्टर चालवला. त्या यंत्रात कार्बनच्या कांड्या जळतात, वेल्डिंगसारखा लख्ख उजेड पडतो. त्याच्याकडं बघून बघून त्यांचे डोळे अधू झाले होते. मग गावोगाव व्हिडिओ आला, तंबूत माणूस येईना, मालकानं तंबू विकला. किसनराव घरी बसले.

"मिस्त्री, गेमची मशीन करून देता का? उरसात लावायची हाय."

"मी? किसनराव, मी टीव्ही दुरुस्त करतो."

"टीव्हीच हाय की तो. फकस्त हँडल लावलेला."

औरंगाबादला कुठंतरी त्यांनी व्हिडिओ गेम बघितला होता. पैसा टाकायचा, हँडल धरायचं, पडद्यावरचा माणूस पळवायचा. तयार मशीन घ्यायला वीस हजार लागत होते. यांच्याकडं सहा होते, तेही दोन म्हशी विकून आलेले. परभणीच्या उरसात जागा धरायचं त्यांचं ठरलं होतं.

"उरूस साधला तर पुढं जत्रा हायतच," ते म्हणाले. "न्हाई साधला तर म्हशीबी गेल्या अन् मीबी गेलो. उन्हात माझं डोळं चालत न्हाईत. रानातलं काम होत न्हाई. मला मशीनीबिगर दुसरं काय येतंय?"

त्यांच्या मंडळी, गयाबाई, पायरीवर पदर सावरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "करा दादा. ह्यांना करमंनाच. घरात माझी शिलाईची मशीन हाय, तिच्यापाशीच जाऊन बसतेत दिसभर."

मी जरासा हसलो. शेजारचा घड्याळवाला मात्र खो खो हसला. "सहा हजारांत गेमची मशीन? मिस्त्री, त्यापेक्षा ह्यांना म्हशीच परत आणून द्या." झालं. मला कोणी 'जमणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी भर दुकानात बोलून बसलो, "सहा हजारांत बसवून दाखवतो. वर रुपया लागला तर माझा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा छाती फुगली होती.

गेमच्या मशीनीत मुख्य गोष्टी चार. एक बोर्ड, म्हणजे तिचं डोकं. दुसरी पिक्चर ट्यूब, म्हणजे तोंड. तिसरं हँडल, आणि चौथी वीज पुरवणारी बाजू, तिला मी पोट म्हणतो. बाकी सगळं सुताराचं काम. पैसा मुबलक असला तर चारही चांगलं घेता येतं. नसला तर कुठं हात सैल सोडायचा आणि कुठं आवळायचा यातच मिस्त्रीची अक्कल दिसते. आज पोरं घरात गेमचा कॉम्प्युटर जुळवताना हेच भांडण करतात. माझा नातू करतो. मी गप ऐकतो.

बोर्ड परभणीत कुठला मिळायला! किसनराव आणि मी सिकंदराबादच्या गाडीत बसलो. हैदराबादेत कोठी भागात एका बोळात जुन्या सामानाची दुकानं होती. तिथल्या एका पांढऱ्या दाढीच्या चाचांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या टेबलावर डबा नसलेली उघडी ट्यूब होती आणि शेजारी तारांत गुंतलेली एक हिरवी पाटी, म्हणजेच बोर्ड. तिच्यावर गोमीसारखे खूप पायांचे काळे तुकडे बसवलेले. चाचांनी एक दांडी माझ्या हातात दिली.

"हिला के देखो मियाँ. बात बाद में."

मी दांडी डावीकडं केली. ट्यूबवर एक इवलासा माणूस होता, तो डावीकडं गेला. उजवीकडं केली, तो उजवीकडं आला. वर केली, आणि तो एका बुरजाच्या भिंतीवर हातपाय मारत चढायला लागला. वरून दगड येत होते. मी अंग चोरलं, तोही सरकला. खोटं कशाला बोलू, मी वाकून टेबलामागं बघितलं, कोणी बसलंय का म्हणून. इतकी वर्षं ट्यूबची नस न् नस ओळखणारा माणूस मी! त्या पाटीत तो माणूस, तो बुरूज, ते दगड, सगळं आधीच भरून ठेवलेलं होतं. फक्त त्यानं कुठं जायचं हे भरलेलं नव्हतं. ते माझ्या मनगटावर सोडलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

किसनरावांनी चष्मा काढला, ट्यूबला नाक लागेल इतके जवळ गेले आणि दांडी हातात घेतली. पहिल्याच दगडाला त्यांचा माणूस खाली पडला. दुसरा आला, तोही पडला. तिसरा मात्र त्यांनी बाजूला सरकवला, आणि दगड शेजारून गेला. किसनराव तसेच उभे राहिले. दांडी सोडेनात.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "तीस वरसं पिक्चर दाखवला. हिरोला कुठं गोळी लागणार, मला तोंडपाठ असायचं. रोज तीन खेळ लागायचे. एकदाबी त्याला वाचवता आलं न्हाई बघा."

चाचांनी कपाटातून आणखी बोर्ड काढले. विमानांचे, मारामारीचे, मोटारींचे. "ये नया माल है. कलर में देखे तो पागल हो जाते लोगाँ." पण त्या बोर्डांना रंगीत ट्यूब लागत होती आणि अर्धा डझन बटणं. आम्ही बुरूजवालाच घेतला. एक दांडी, बटण एकही नाही, वाचता येण्याची गरज नाही. चढायचं, दगड चुकवायचे. आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नव्हतं. त्यात पैशांचा मोठा लचका गेला, पण डोक्याला पैसा घालायचाच असतो.

परतीच्या गाडीत किसनराव एकच धोसरा लावून बसले. "रंगीत पायजे मिस्त्री. काळ्या-पांढऱ्याला उरसात कोण इचारतंय?"

इथं मी माझी करामत केली. या गेममध्ये वर नेहमी आभाळ, मध्ये भिंत, खाली जमीन. जागा बदलत नाहीत. मी जुन्या संचातली वीस इंची काळी-पांढरी ट्यूब बसवली आणि मांडवाच्या दिव्यांना लावतात तो जिलेटिनचा कागद आणला. वरच्या पट्टीला निळा, मधल्याला तांबूस, खालच्याला हिरवा. माणूस हिरव्यातून निघायचा, तांबूस होत निळ्यात पोचायचा. घड्याळवाला बघायला आला आणि मान हलवत परत गेला. ह्या खेपेला हसला नाही, म्हणजे पावतीच मिळाली.

हँडलच्या बाबतीतही मी हुशारी केली. बाजारातलं हँडल नाजूक, दोन बोटांत धरायचं. आमच्या लोकांना हँडल म्हणजे हापशाचं माहीत. एका दिवसात उपटून हातात दिलं असतं. मी लेथवर पोलादी दांडी करून घेतली, खाटेचे पाय घडवणाऱ्या सुताराकडून वर लाकडी गोळा बसवला, आणि आत चारी बाजूंना स्कूटरच्या ब्रेकचे स्विच लावले. बैल बांधला तरी उखडणार नाही असं हँडल झालं. पण त्यात अंदाजापेक्षा पैसा जास्त गेला.

राहिलं पोट. आता जरा मेकॅनिकी सांगतो, कारण सगळं यावरच आहे. विजेच्या दोन तारांपैकी एकीत करंट असतो, दुसरी थंड असते. त्या काळच्या बऱ्याच काळ्या-पांढऱ्या संचांत एक तार सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असायची. थंड तार सांगाड्याला आली तर ठीक. पण आपली दोन पायांची पिन कशीही घुसते. उलटी घुसली की सांगाड्यात करंट. घरी ते कळायचं नाही, कारण बाहेरून लाकडी खोकं आणि प्लास्टिकची बटणं. एखादी बाई सांगत यायची, "आमचा टीव्ही चावायलाय." ती हीच भानगड.

यावर उपाय एकच, मध्ये ट्रान्सफॉर्मर घालायचा. पाच किलोचं लोखंड आणि तांबं. तो असला की पिन सुलटी घाला, उलटी घाला, सांगाडा चावत नाही. माझ्या दुकानात टेबलाखाली असा एक बसवलेला होता, कारण माझे हात रोज सांगाड्यांत. नांदेडच्या वाइंडरकडून तांब्याची तार गुंडाळून मी तो मुद्दाम भरून आणला होता.

किसनरावांच्या मशीनीत पैसे टाकायच्या फटीची पाटी लोखंडी होती आणि ती सांगाड्याला जोडलेली होती. म्हणजे ट्रान्सफॉर्मर हवाच होता. पण हातात उरलेल्या पैशांत तो बसत नव्हता. मी सांगितलं असतं, "किसनराव, अजून थोडे लागतील," तर त्यांनी काहीतरी करून आणले असते. किंवा बोललो होतो तसे पदरचे घालायचे होते. पण मला घड्याळवाल्याला 'सहा हजारांत केलं' असं म्हणायचं होतं. आणि पदरचे घालायला, खरं सांगतो, जिवावर आलं.

मी काय केलं? बायकोच्या डबीतलं लाल नेलपॉलिश घेतलं आणि पिनेच्या एका अंगाला ठिपका दिला. टेस्टर लावला, पाटी थंड. किसनरावांना बजावलं, "लाल ठिपका वर ठेवूनच पिन घालायची. खाली गेला तर मशीन चावेल."

"लाल वर. ध्यानात ठिवलं," ते म्हणाले.

दुकानातल्या आम्हा लोकांची ही जुनी पद्धत. कुठली तार कुठं, कुठली बाजू वर, हे लाल ठिपक्यानं लक्षात ठेवायचं. त्यात काही चूक आहे असं मनात आलंच नाही.

उरसात मशीन लागली त्या दिवशी सकाळी मी तिथं गेलो. एका बाजूला आकाशपाळणा उभा राहत होता, दुसऱ्या बाजूला मिठाईवाल्याच्या कढया चढत होत्या. किसनरावांनी जाड कापडाचा आडोसा केला होता, म्हणजे आत अंधार राहावा. धूळ बसावी म्हणून गयाबाईंनी सगळीकडं पाण्याचा सडा घातला होता. वर एक पाटी लिहवून घेतलेली: 'आठ आण्याला तीन जीव'. गेममध्ये माणूस तीनदा मरेपर्यंत खेळता येतो, म्हणून. बाहेर रांग लागली होती आणि ती पाटी वाचून चेष्टा चालली होती. "तीन जीव आठ आण्याला? लय स्वस्ताई झालीय की!"

गयाबाईंनी मशीनीची पूजा केलेली होती. झेंडूचा हार, नारळ, उदबत्ती. मशीन सुरूही झालेली. निळ्या आभाळातून दगड पडत होते.

"मिस्त्री, बोहनी तुमच्या हातची," किसनराव म्हणाले.

"अहो, पहिलं गिऱ्हाईक घ्या की."

"न्हाई. तुमी बनवली. तुमीच पयला पैसा टाकायचा. तवर कुणाला हात लावू देत न्हाई मी."

रांगेतल्या लोकांनीही गलका केला. मला काय, मान मिळतोय म्हटल्यावर गुदगुल्याच झाल्या. समोर पूजा मांडलेली, म्हणून मी वहाणा बाहेर काढल्या. अनवाणी पायांनी ओल्या जमिनीवर उभा राहिलो, आठ आण्यांचं नाणं चिमटीत धरलं आणि फटीत घातलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हात पाटीला चिकटला. कोणीतरी आतून माझा दंड पिळून काढतंय असं झालं. ओरडायचं होतं, पण जबडा उघडेना. मग माझंच वजन मागं गेलं असेल, मी पाठीवर चिखलात आपटलो. तोंडात गंजल्यासारखी चव आली. आणि बाहेर हशा पिकला. लोकांना वाटलं, मी नाटक करतोय. कोणीतरी ओरडलं, "मिस्त्रीचा एक जीव गेला! दोन ऱ्हायले!"

मी डोळे उघडले तेव्हा रांगेतला पहिला माणूस पुढं सरकला होता. धोतरवाला, अनवाणी. कडेवर चार-पाच वर्षांची लेक. तिच्या मुठीत नाणं देऊन तो तिला फटीकडं वाकवत होता. "टाक बाई, टाक," म्हणत होता. तिचा हात पाटीपासून वीतभर असेल.

माझ्या तोंडून शब्द निघेना. मी पडल्या पडल्या वायर पकडली आणि जीव खाऊन ओढली. विजेच्या बोर्डातून पिन उपटून आली. आभाळ, भिंत, माणूस, सगळं एका ठिपक्यात जाऊन विझलं. पोरीनं नाणं टाकलं. ते खण्ण वाजून खाली गेलं, आणि मशीन सुरू होत नाही म्हणून तिनं भोकाड पसरलं. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

पिन माझ्या हातात होती. मी ती डोळ्यांजवळ नेली. वरच्या अंगाला लाल. उलटी केली, खालच्या अंगालाही लाल. गयाबाईंनी पूजा करताना सगळ्याला कुंकू लावलं होतं. दांडीला, पाटीला, ट्यूबच्या काचेला, आणि पिनेला दोन्ही अंगांनी. कुठलाही भाग देवाच्या नजरेतून सुटू नये म्हणून. नंतर कळलं, किसनरावांना ठिपका दिसत नव्हता, म्हणून त्यांनी बायकोला विचारलं होतं, "लाल वर हाय का?" आणि त्या माउलीनं बघून खरंच सांगितलं होतं, "हाय की."

आमच्या घरात अवजारांना कुंकू लावणं मी लहान असतानाच सुटलं. तीस वर्षांत डोक्यातूनही गेलं. खूण करायला मी नेमका तोच रंग निवडला, जो नव्या मशीनीला पहिल्या दिवशी आपोआप लागणार होता. दुसऱ्या कोणत्याही रंगाचा ठिपका दिला असता तर कदाचित निभावलं असतं. मग वाटलं, ठिपक्यावर निभावायची वेळ मुळात आणली कोणी?

आणि दुसराही विचार आला, लपवत नाही. ती पोर गेली असती, तर तास दोन तासांत प्रश्न उठला असता की मशीन बनवली कोणी. मग माझ्या पाटीवर नसलेलं आडनाव गावभर झालं असतं. दिवस कसले होते ते सांगायला नको. माझ्यामागं आमच्या अख्ख्या वस्तीला भोगावं लागलं असतं. मी चिखलात पिन धरून बसून होतो. 

गयाबाई पाणी घेऊन धावत आल्या.  "दादा, माझ्या पूजेत काय चुकलं का हो?"

बोट दाखवायला जागा आयती होती. हातात पुरावाही होता. माझ्या जिभेचा इतिहास बघता मी तिथं काहीही बोलून गेलो असतो. पण ती जीभ त्या दिवशी शहाणी झाली. म्हटलं, "नाही वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलंय." आणि अंगठ्यानं पिनेवरचं कुंकू पुसून टाकलं.

किसनराव गर्दीकडं बघत होते. "काय झालं मिस्त्री? पिन उलटी लागली का? मग सुलटी करू की. लोकं चाललेत."

त्यांचं बरोबर होतं. पिन फिरवली की मशीन पुन्हा थंड. दोन मिनिटांचं काम होतं. रांग पांगत होती, आणि पहिल्याच दिवशी 'ती मशीन बिघडली' असं उरूसभर झालं की पुढं कोण येतंय? त्या माणसाच्या म्हशी, त्याचं पुढचं सगळं वर्ष त्या रांगेत उभं होतं. मी म्हटलं, "नाही. बंद ठेवायची. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." ते चष्मा काढून पुसत बसले.

मी रिक्षा करून दुकान गाठलं. उजव्या दंडात गोळे येत होते. टेबलाखाली बसलो, बोल्ट खोलले आणि माझा ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. तो मांडीवर घेऊन थोडा वेळ तसाच बसलो. माझ्यासाठी तांबं-लोखंड, आणि त्यांच्यासाठी नेलपॉलिशचा ठिपका. इतकं साधं गणित होतं, आणि मी त्याला करामत समजत होतो. मला माझीच शिसारी आली.

परत जाऊन तो मशीनीत बसवला. पिन सुलटी घालून टेस्टर लावला, उलटी घालून लावला. मग जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं, अनवाणी उभा राहिलो आणि पाटीवर तळहात ठेवला. दोन्ही बाजूंनी.  पाटी गार होती, विहिरीच्या कठड्यासारखी गार.

दुपार कलली तशी माणसं पुन्हा यायला लागली. सकाळी मी पडलो त्याची चर्चाच जाहिरातीसारखी उपयोगी पडली. "मिस्त्रीला पाडणारी मशीन हीच का?" विचारत लोक येत होते. जिंतूरकडचे एक आजोबा आले, पटकेवाले, सत्तरीच्या पुढचे. दोन जीव त्यांनी असेच घालवले. तिसऱ्याला त्यांना हँडलची खुबी कळली. पडद्यावरचा माणूस निळ्यात पोचला आणि आजोबांनी हँडल सोडून हात जोडले.

"ऐकायलंय की रे ते माझं!" ते लोकांकडं वळून म्हणाले. "घरात कुणी ऐकत न्हाई. हे ऐकायलंय!"

लोक हसले. मी हसलो नाही. हैदराबादेत माझ्या अंगावर आला होता तोच काटा त्यांच्या हातावर उभा राहिलेला मला दिसत होता. आठ आण्यांत माणसाला असा चमत्कार विकत मिळावा, आणि तो आपल्या हातून घडलेला असावा! त्या दिवशी सकाळी मी काय करून बसलो होतो ते माहीत असूनही माझी छाती भरून आली. त्याची लाजही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

दिवेलागणीला मी निघालो तेव्हा किसनराव मशीनीच्या बाजूला, लाकडाला कान लावून बसले होते.

"आता बरूबर हाय," ते म्हणाले. "सकाळचा आवाज गेला."

"कसला आवाज?"

"सकाळी पिन लावल्या लावल्या गुणगुणायला लागली होती. बारीक. भुंगा धरल्यावानी. तुमच्या दुकानात न्हवता तो आवाज."

 पिन उलटी लागून सांगाड्यात करंट आला की संच बारीक गुणगुणतो, हे खरं आहे. मलाही ते ठाऊक होतं. पण रांगेच्या गलक्यात, मानाच्या गुदगुल्यांत माझे कान बंद झाले होते. तीस वर्षं प्रोजेक्टरशेजारी बसलेल्या माणसानं तो आवाज उभ्या उभ्या पकडला होता. माझ्या आधी. मी नाणं टाकायच्या आधी. ती पोर पुढं यायच्या कितीतरी आधी.

"किसनराव, अहो, मग बोलला का नाहीत?"

 मी असा काय विचारतोय, हेच त्यांना समजेना.

"तुमी बनवली होती," ते म्हणाले. "मी म्हणलं, तुमाला ठाऊक आसंल."